शांताक्का उठत नव्हती

खिडकीच्या काचेवर टकटक झाली.

"गाडी बंद पडली का काय बाई?"

गाडी बंद पडलेली नव्हती. ती विचार करत होती. निदान पगार तरी आम्ही त्याचाच घेत होतो. कर्नाटकातल्या बसवकल्याणहून आळंदकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका गावाच्या अलीकडे, आमची पांढरी टेस्टची गाडी मधोमध उभी होती. समोर डांबरावर तुरीची रास पसरलेली. मागे एक बस, एक ट्रॅक्टर आणि मोटारसायकलवाल्यांची वाढत चाललेली गर्दी. बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला होता आणि तो उचलायचं नाव घेत नव्हता.

"मॅडम, काय करायचं?" आमचे ड्रायव्हर मौलाभाई म्हणाले. "बसवाला खाली उतरायच्या बेतात हाय."

"काही करू नका. गाडीला ठरवू दे."

"ती काय ठरवायलीय? रुसून बसलीय निस्ती."

बाहेरची बाई अजून खिडकीशीच होती. साठीच्या आसपासची, काटक, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचलेला. हातात काटक्या उलटायची लाकडी काठी. ती म्हणाली, "चढवा की वरी. कामून थांबलाव? सगळी दुनिया जायलीय वरून."

शेवटी मौलाभाईंनी स्टिअरिंग हातात घेतलं आणि गाडी राशीवरून नेली. चाकांखाली शेंगा तडतडल्या. बाईने समाधानाने मान हलवली आणि बसला पुढे यायची खूण केली.

जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी हे थोडं सांगायला हवं. तूर काढली की पेंढ्या वाळवतात, मग शेंगांतून दाणे मोकळे करायचे असतात. मळणीयंत्र मिळतं, पण लहान शेतकऱ्याचा नंबर लागेपर्यंत वाट बघावी लागते. डांबरी रस्ता शेताच्या बांधालाच असतो. त्यावर पेंढ्या अंथरायच्या, कडेने दगड मांडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या वाहनांना वरून जाऊ द्यायचं. चाकांनी शेंगा फुटतात. अधूनमधून काटक्या उलटायच्या, संध्याकाळी त्या उचलून खालची तूर झाडून घ्यायची. पोलीस करू नका म्हणतात, मोटारसायकली घसरतात, आणि पुढच्या हंगामात रास परत रस्त्यावरच असते. मी मूळची खटकचिंचोळीची. लहानपणापासून हे इतकं बघितलंय की बंगळूरला बसून प्रोग्राम लिहिताना ते मला आठवलंच नाही.

प्रोग्राम म्हणजे ही गाडी चालवणारा प्रोग्राम. आमची कंपनी मालवाहू गाड्या आपल्या आपण चालाव्यात यासाठी सॉफ्टवेअर करते. डाळ वाहणारी एक ट्रान्सपोर्ट कंपनी आमची क्लायंट होती. तिच्या ट्रकमध्ये घालण्याआधी ते सॉफ्टवेअर एका जीपसारख्या गाडीत बसवून आम्ही याच रस्त्यांवर फिरवत होतो. परवानगीची अट अशी की स्टिअरिंगमागे माणूस बसलेला हवा आणि वेळ आली तर त्याने गाडी ताब्यात घ्यायला हवी. तो माणूस म्हणजे मौलाभाई. मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचे. गाडीला जे दिसतं त्यावरून पुढे जायचं, वळायचं की थांबायचं हे ठरवणारा जो भाग असतो, त्याला प्लॅनर म्हणतात. तो माझ्याकडे होता.

गाडीच्या टपावर एक डबा गरगर फिरतो. गावोगाव लोक त्याला कुकर म्हणायचे. त्याचं खरं नाव लिडार. तो चारी बाजूंना प्रकाशाचे बारीक किरण सोडतो, ते कशालातरी आपटून परत येतात, आणि त्यावरून समोरच्या वस्तूचा आकार आणि अंतर कळतं. रंग वगैरे बघायला कॅमेरे असतात. त्या दिवशी लिडारला काय दिसलं? सगळा रस्ता अडवणारं, वीतभर उंचीचं, ओबडधोबड काहीतरी. आडवा झोपलेला माणूस जवळपास तेवढाच उंच असतो. दुपारच्या वेळी राशीच्या कडेला पटकुर पांघरून आडवं होणारी माणसं मी स्वतः पाहिली आहेत. काय आहे ते कळत नसेल तर थांब, असं आम्ही गाडीला शिकवलं होतं. ती थांबली.

संध्याकाळी लॉजवरून थॉमस सरांना फोन केला. ते आमच्या टीमचे हेड. माणूस हुशार, सरळ आणि कायम घाईत. बंगळूरात इतकी वर्षं काढूनही त्यांचं कन्नड रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरतंच, आणि मराठीचा तर संबंधच नाही. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, इथे ते मराठीत लिहिते.

"किती वेळ अडकली?"

"बसमधली माणसं उतरून तंबाखू मळायला लागली, सर."

"बाकीच्या गाड्या कुठून गेल्या?"

"राशीवरून."

"मग तो रस्ताच झाला की. तसं लेबल कर आणि विषय संपव."

लेबल करणं म्हणजे फोटोतल्या गोष्टींना नावं देणं. हा रस्ता, ही म्हैस, हा विजेचा खांब. अशी भरपूर नावं दिली की प्रोग्राम ओळखायला शिकतो. एकदा एखाद्या गोष्टीला रस्ता म्हटलं की गाडी त्यावरून बेधडक जाणार.

"सर, राशीत माणसं असतात. बसून काटक्या उलटतात, झाडतात."

"गाडी आली की उठतात ना?"

"उठतात."

"मग अडचण काय आहे?"

"थोडे दिवस बघू द्या," मी एवढंच म्हणाले.

मग रोज त्याच रस्त्यावर जाऊ-येऊ लागलो. त्या बाईचं नाव शांताक्का. रस्त्याला लागून तिचा लहानसा तुकडा होता. नवऱ्याचे गुडघे गेलेले, त्यामुळे काढणी संपल्यावर राशीचं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. मी चिंचोळीची म्हटल्यावर तिचं 'बाई' आणि 'तुम्ही' लगेच संपलं.

"मंग आमचीच पोरगी की तू. आन् राशीवर गाडी घालायला भ्यायलीस व्हय?"

"मी नाही भ्यायले, अक्का. गाडी भ्यायलीय."

"गाडी कशाला भ्यायील?"

"खाली माणूस असेल म्हणून."

ती हसली. तिला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातल्या बायकांना ती माझ्यासमोरच सांगत होती, "ही गाडी मानसाला भेती."

बघता बघता गाडीला नाव पडलं, शानी गाडी. शहाणी ती खरीच होती. म्हैस आडवी आली की थांबायची, कुणी पेंढीचा भारा डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत असेल तर लांबूनच हळू व्हायची. एक धोतरवाले अप्पा तर मुद्दाम आमची वाट बघत उभे राहायचे. आम्ही आलो की हात वर करून, मंत्र्यासारखे सावकाश रस्ता ओलांडायचे आणि पलीकडे काहीच काम नसल्यामुळे थोड्या वेळाने परत यायचे. मौलाभाईंना या सगळ्याचा मोठा अभिमान. चहाच्या टपरीवर ते गाडीची माहिती अशी सांगायचे की जणू ती त्यांच्याच घरात लहानाची मोठी झाली.

मला मात्र एका गोष्टीचं कुतूहल वाटायला लागलं होतं. बस आली की शांताक्का काठी टेकत उठायची आणि दगडांच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. आमच्यासाठीही सुरुवातीला उठायची. मग नुसतीच मान वर करून बघायची. मग तेही बंद झालं. लिडारचा घुंई असा बारीक आवाज येतो, तो तिने ओळखून ठेवला होता. तो ऐकला की ती रस्त्याकडे पाठ करून आपलं काम करत राहायची. गाडी थांबायची, वाट बघायची. सावकाश मोकळी झाली की शांताक्का म्हणायची, "आलीस व्हय. थांब जरा."

खरं सांगते, मला छान वाटलं होतं. मी त्याचा व्हिडिओ ऑफिसला पाठवला. तिकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. आयुष्यभर वाहन आलं की बाजूला होणारी बाई आमच्या गाडीपुढे निवांत बसली होती. आम्ही बरं काहीतरी केलंय असं वाटायला एवढं पुरेसं होतं.

क्लायंटला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. त्यांचे एक साहेब येऊन आमच्या गाडीत बसले. आळंदपर्यंत जाताना इतक्या राशी लागल्या की साहेबांनी आधी घड्याळ बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, मग डोळे मिटून घेतले. उतरताना म्हणाले, "असंच थांबायचं असेल तर आमचे ड्रायव्हर काय वाईट आहेत? ते निदान पोचतात तरी." पुढच्या डेमोपर्यंत गाडी राशीवरून जायला हवी, नाहीतर काम बंद, असं ठरलं.

इथे एक गोष्ट सांगते. मी काय काम करते हे कळलं की लग्नाकार्यात कुणीतरी हटकून विचारतं, "ब्रेक फेल झाला तर तुमची गाडी म्हातारीला उडवेल का शाळकरी पोराला?" विचारणाऱ्याचा चेहरा असा असतो की आता पकडलंच हिला. मला आजवर कुणी ऑफिसात असा प्रश्न विचारलेला नाही. आमच्याकडे प्रश्न स्क्रीनवर एक रिकामा चौकोन होऊन येतो आणि त्यात आकडा भरायचा असतो. समोरच्या वस्तूबद्दल गाडी मनाशी एक अंदाज बांधते, की हे माणूस असण्याची शक्यता एवढी. ती कितीच्या वर गेली की थांबायचं, तो आकडा माणसाने ठरवायचा. आकडा फार लहान ठेवला तर गाडी हलणाऱ्या झुडपालाही नमस्कार करत बसते. फार मोठा ठेवला तर माणसाला झुडूप समजते. त्या चौकोनात ना म्हातारी दिसते ना पोरगं, त्यामुळे भरताना हात थरथरत नाही.

राशीसाठी आम्ही वेगळा नियम केला. रास ओळखू आली, तिच्यात माणूस असल्याची शक्यता ठरलेल्या आकड्याखाली राहिली, तर माणसाच्या चालीने वरून जायचं. आकडा मीटिंगमध्ये ठरला, मीही होते. नुसता कागदावर ठरवला असं नाही. बसवकल्याणबाहेर एका बंद पडलेल्या गोदामाचं आवार भाड्याने घेतलं, तुरीच्या पेंढ्या विकत आणल्या, रास घातली. टीममधली मुलं आळीपाळीने राशीत बसली, वाकली, काटक्या अंगावर घेऊन आडवी झाली. मीही बसले. मौलाभाई ब्रेकवर पाय ठेवून तयार. गाडी हळूहळू यायची आणि दर वेळी थांबायची. एकदाही चुकली नाही. मला पटलं, थॉमस सरांना पटलं, नवीन सॉफ्टवेअर गाडीत गेलं.

पहिल्याच दिवशी गाडी दोन-तीन राशींवरून छान गेली. मागच्या मोटारसायकलवाल्यानेसुद्धा अंगठा वर करून शाबासकी दिली. मग शांताक्काचं शेत आलं.

राशीवर नवीन पेंढ्या पडल्या होत्या, ढीग जरा उंच होता. गाडी हळू झाली. स्क्रीनवर रास हिरव्या रंगात आली, म्हणजे जायला हरकत नाही. चाकं पेंढ्यांवर चढली. मी स्क्रीनकडे बघत होते. अचानक गाडी गचकन थांबली आणि लॅपटॉप माझ्या मांडीवरून खाली गेला.

मौलाभाईंनी ब्रेक मारला होता. पाय अजून ब्रेकवर दाबलेला होता आणि ओठ हलत होते. मी समोर बघितलं. बॉनेटच्या अगदी पुढे, पेंढ्यांमध्ये, मातकट रंगाचा पदर दिसला. शांताक्का होती. रस्त्याकडे पाठ, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, दोन्ही हात काटक्यांखाली घालून तूर एकीकडे ओढत होती. बंपर तिच्या पाठीपासून हातभर लांब असेल.

मी दार उघडून धावले. तिने मान वळवली, माझ्याकडे बघितलं, बंपरकडे बघितलं.

"एवढ्या जवळ कामून आनलीस आज?"

"अक्का, तुम्ही उठला का नाहीत?"

"कशाला उठू? थांबतीच की ती."

मी तिथेच दगडावर बसले. तिने मला पाणी दिलं. मला ऊन लागलं असं तिला वाटलं.

थॉमस सर दुसऱ्या दिवशी स्वतः आले. लॉजच्या खोलीत आम्ही लॉग उघडला. गाडीने काय बघितलं आणि काय ठरवलं याची सगळी नोंद आपोआप होते, तिला लॉग म्हणतात. मला वाटत होतं की कुठेतरी चूक सापडेल. चूक सापडली की दुरुस्त करता येते, मग झोप लागते. पण चूक नव्हती. राशीत काहीतरी आहे हे गाडीला दिसलं होतं. ते माणूस असेल असा थोडा अंदाजही तिने बांधला होता. तो आम्ही भरलेल्या आकड्याच्या खाली राहिला. सांगितलं होतं तसंच ती वागली होती.

"मग आपण टेस्ट केली तेव्हा सगळे कसे सापडले?" सरांनी विचारलं.

गोदामातले व्हिडिओ पुन्हा लावले. मी बसलेली, मुलं बसलेली, कुणी काटक्यांखाली झोपलेलं. बराच वेळ काही कळेना. मग सरांनी एक व्हिडिओ अगदी हळू चालवला आणि आम्हाला दोघांनाही एकदमच दिसलं. गाडी जवळ आली की प्रत्येक माणूस हलत होता. कुणी खांदा आवळत होता, कुणी मान तिरकी करत होता, कुणाचा पाय आपोआप मागे सरकत होता. मौलाभाई ब्रेकवर आहेत हे माहीत असूनही, गाडी थांबेल हे आम्हीच लिहिलेलं असूनही. मी तर चक्क डोळे मिटले होते. त्या बारीक हालचालीवरूनच गाडी माणूस ओळखत होती. काटक्या हलत नाहीत, घाबरलेला माणूस हलतो.

शांताक्काचे हात काटक्यांखाली चालले होते, पण गाडी आली म्हणून ती हलली नव्हती. तिला आमची अजिबात भीती उरली नव्हती, आणि म्हणून ती गाडीला काटक्यांसारखी दिसली.

सर शेवटी म्हणाले, "बससुद्धा राशीवरूनच जाते. आपली गाडी बसपेक्षा तरी वाईट नाही."

"बससमोर ती उठते, सर."

ते म्हणाले, "मग आपल्यासमोरही तिने उठायला हवं. लोकांना सांगू या. गाडीचा नियम बदललाय हे त्यांना कळवलं की झालं. आकडा आणखी खाली आणला तर गाडी पुन्हा प्रत्येक राशीपुढे थांबेल, आणि मग आपण घरी जाऊ."

हे मला अगदीच चुकीचं वाटलं नाही. गावात काही कळवायचं असलं की ग्रामपंचायतीचा वॉटरमन, म्हणजे नळाला पाणी सोडणारा माणूस, माईकवरून सांगतो. नळाला पाणी कधी येणार, लसीकरणाची गाडी कधी येणार, सगळं. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये. आम्ही पंचायतीत गेलो. बातमी आधीच पोचली होती, त्यामुळे पारावर माणसं जमली होती आणि शांताक्का पुढेच बसली होती. वॉटरमन म्हणाला, "काय सांगायचं ते लिहून द्या, मॅडम."

मी लिहायला बसले. 'पांढरी गाडी आता राशीवरून जाणार आहे. राशीत बसलेलं माणूस हललं नाही तर गाडीला ते दिसणार नाही. गाडी आली की सर्वांनी उठावं.' सरांना अर्थ सांगितला.

"मधलं वाक्य काढ," सर म्हणाले.

"मधलंच तर सांगायचंय."

"असं कुणी जाहीर करतं का? गाडी सुरक्षित आहे, तरी नागरिकांनी काळजी घ्यावी, असं लिही."

"सर, गाडी सुरक्षित आहे हे त्यांना माहीतच आहे. म्हणून तर ती बसून राहिली."

आमचं इंग्रजीतलं भांडण पारावरची माणसं शांतपणे ऐकत होती. शांताक्काने माझी बाही ओढली. "सायेब काय म्हनायलेत?"

मी तिला खरं ते सांगितलं. गाडी यापुढे थांबेलच असं नाही, राशीवरून जाईल, म्हणून उठायचं.

"काल परवापस्तोर थांबत व्हती की."

"हो. आता बदललंय."

ती म्हणाली, "म्हंजी आधी तिला म्या दिसत व्हते. आता मला काढलाव व्हय त्यातून?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सरांनी विचारलं, ती काय म्हणतेय. मी भाषांतर केलं, शब्दाला शब्द. सर सांगायला लागले, "तिला म्हणावं, मागे वाहनं अडकतात..." मग म्हणाले, "म्हणावं, अशी शक्यता फार कमी असते..." मी सांगण्यासाठी शांताक्काकडे वळले तेवढ्यात त्यांनी मला हाताने थांबवलं. आपण काय सांगायला लावतोय हे त्यांच्या कानांनी तेव्हाच ऐकलं असावं. ते चष्मा काढून पुसत बसले.

"काय म्हनले?" शांताक्काने परत विचारलं.

"अजून काही म्हणाले नाहीत."

गाडीत बसल्यावर सर म्हणाले, "जुनं सॉफ्टवेअर परत टाक." मौलाभाईंनी रेडिओ लावला.

गाडी पुन्हा प्रत्येक राशीपुढे थांबू लागली. क्लायंटला आम्ही कारण सरळ लिहून कळवलं. त्यांनी सभ्य शब्दांत नाही म्हटलं. ते काम गेलं, आणि त्या वर्षी आमच्या टीममध्ये कुणाला बढती मिळाली नाही, थॉमस सरांनाही नाही. प्रामाणिकपणाचं बक्षीस वगैरे मिळतं असं मी ऐकून आहे, आमच्यापर्यंत ते आलं नाही.

सामान बांधताना एकदम माझ्या लक्षात आलं. गाडी जाणार, पण शांताक्का तिथेच राहणार. पांढऱ्या जीपा काय कमी आहेत त्या रस्त्यावर? घुंई असा आवाज करणारं एखादं जुनं इंजिनही असेल. या बाईने आयुष्यभर वाहनाला उठायची सवय जपली होती आणि आम्ही येऊन ती मोडली होती. सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "मग आता तरी माईकवरून सांगायला लाजण्यासारखं काही नाही." या वेळी वाक्य त्यांनीच इंग्रजीत सांगितलं आणि मी लिहिलं. आम्ही निघेपर्यंत रोज संध्याकाळी वॉटरमन ते दोन्ही भाषांत वाचत होता. 'शानी गाडी यापुढे येणार नाही. बाकीच्या गाड्या तुम्हाला बघतीलच असं नाही. कोणतीही गाडी आली तरी उठा.'

पुढे महिन्याभराने चुलतभावाच्या लग्नासाठी गावी गेले होते. आळंदला एक काम होतं, म्हणून भाड्याची जीप घेऊन त्याच रस्त्याने निघाले. आता राशी हरभऱ्याच्या होत्या. जीप पांढरीच. लांबूनच मला शांताक्का दिसली, राशीत पाठमोरी बसलेली. मी ड्रायव्हरला हळू घ्या म्हणणार, एवढ्यात ती उठली. काठी घेतली, पाण्याची कळशी उचलली आणि दगडांच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. आत कोण आहे हे तिने बघितलंसुद्धा नाही.

मी जीप थांबवायला लावली आणि उतरले. ती खूष झाली. लग्नाचं विचारलं, मौलाभाईंचं विचारलं.

"अक्का, उठायला लागलात की."

"मंग? माईकवर सांगितलं की तूच. आता सगळ्यालाच उठते." मग कळशी खाली ठेवत म्हणाली, "पन ती व्हती तवा बरं व्हतं. पाठीला आराम व्हता."

मला बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं. तिच्या हातचं पाणी पिऊन निघाले.

आता आमच्याकडे कुठलाही नवीन नियम गाडीत घालण्याआधी एक काम करावं लागतं. तो नियम ज्याच्या अंगावर जाऊ शकतो, त्याला माईकवरून सांगायचा आहे असं समजून त्याच्या भाषेत लिहायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. नवीन आलेली मुलं आधी हसतात. वाचायला उभं केलं की बरेचदा मधल्या वाक्याला, म्हणजे गाडीला कोण दिसणार नाही ते सांगणाऱ्या वाक्याला, अडखळतात. अडखळलं की तो नियम तिथेच रद्द होतो.